गालाला चिकटलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. केस विंचरायचा नव्हे हं; कोटाच्या बटणाएवढा, लांब दांड्याचा, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. कारखान्यात मला लख्ख पुसलं, तेव्हा वाटलं एखाद्या नटीचा चेहरा नशिबी येईल. आल्या किडक्या दाढा. वाफेत उकडून उकडून अंगावर ओरखडे पडले, नवे आरसे आले आणि मी ट्रेच्या कडेला पडून राहिलो.

एका सकाळी नवे सगळे वाफेच्या यंत्रात होते, म्हणून बाईंनी मला उचललं. खुर्चीत मफलर गुंडाळलेले शिंपीकाका होते, काकू दाराशी उभ्या.

"दाढ उपटा आणि मोकळं करा," काका म्हणाले.

"आधी काही मोठा आजार? उपचार?"

"छे हो, ठणठणीत आहे."

काकूंनी मान खाली घातली.

इंजेक्शन भरून झालं, चिमटाही तयार. बाईंनी मला तोंडात घातलं आणि मी गालाला चिकटलो. एरवी मी सुळकन फिरतो. इथे थुंकीचा थेंब नव्हता. दात हिरडीलगत चहूबाजूंनी कुरतडल्यासारखे काळे. माझा जीव टांगणीला लागला, पण मला बोलता कुठे येतं?

बाईंनी मला हलकेच सोडवलं. "काका, मफलर काढा बरं."

गळ्याची एक बाजू काळवंडलेली, तिथे दाढीचा केसही नव्हता.

"किरणांचा शेक घेतलाय ना? त्यानेच थुंकी आटते."

काकांनी मफलर पुन्हा गुंडाळायला घेतला. शेवटी काकूच बोलल्या, "घेतलाय. घशाचा कॅन्सर होता. दाढेच्या कामात घशाचं कशाला काढतेस, म्हणून मला गप्प बसवलं यांनी."

"नाव ऐकून तुम्ही हातच लावणार नाही, असं वाटलं," काका पुटपुटले. "फार ठणकते हो."

"शेकलेल्या हाडातून दाढ उपटली, तर जखम भरेलच असं नाही. जबडा सडू शकतो. चुकीचं माप सांगून कुणी कापड शिवायला टाकलं, तर दोष कातरीला द्यायचा का?"

काकांचे डोळे भरून आले.

दाढ राहिली. बाईंनी मुळातली कीड काढून ती भरली, ठणका थांबला. काकू आता पाण्याची बाटली घेऊन काकांच्या मागे असतात.

मित्रांनो, दात घासा हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, डॉक्टरांपासून काही लपवू नका. आरशाला नुसतं दिसतं, सांगावं तुम्हालाच लागतं.

परवा काका पुन्हा आले. बाईंनी मला उचललं, तसा त्यांनी हात वर केला.

"आधी ऐका. मला घशाचा कॅन्सर होता, शेक घेतलाय."

"ठाऊक आहे, काका."

"असू द्या. मला सांगू तर द्या," ते म्हणाले, आणि मग त्यांनी आ केला.