अकरा बाय नऊची खोली

"माझ्या मागच्या खोलीला पट्टी लावा," छबुबाई म्हणाली आणि ग्रामसभेत हशा पिकला.

तासभर सगळे याच्या उलट बोलत होते. गावात आतापर्यंत घरपट्टी चौरस फुटावर होती. पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घराला जवळजवळ सारखा दर. आता बांधकामाचा प्रकार आणि वय बघून, घराच्या किमतीवर पट्टी बसणार होती. मोहनरावांचं घर दुमजली. पैसे घालून घर बांधलं हा गुन्हा झाला काय, असं ते विचारत होते. पत्र्यात राहणारे म्हणत होते की इतकी वर्षं तुमच्या स्लॅबची पट्टी आम्हीच भरली. दोन्ही बाजूंना पट्टी कमीच हवी होती. ही बाई मात्र वाढवून मागत होती, तीही गेल्या सप्टेंबरच्या पावसात पडून गेलेल्या खोलीची.

"पडल्या खोलीची पट्टी भरून काय करती, छबुबाई?" मोहनरावांनी विचारलं.

"तुमचं काय जातंय? भरणार मी हाय."

ग्रामपंचायत अधिकारी प्रियदर्शनी मॅडम नोकरीत नव्या होत्या. जे उभं नाही त्याला कर लावता येत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग नोंदवही उघडली. छबुबाईच्या घराला दोनच खोल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, ‘मागे शेळ्यांचा आडोसा, चार खांब, भिंत नाही’. मागे खोली कधी नव्हतीच, असं मॅडम म्हणाल्या. छबुबाई खाली बसली.

दाराशी उभा असलेला शिपाई बिभीषण आपल्या पायांकडे बघत राहिला. ती नोंद त्याच्या मापावरून झाली होती.

गेली तीस वर्षं गाव मोजायचं काम त्याच्याकडे होतं. मार्चअखेर तो निवृत्त होणार होता. बावीस वर्षांपूर्वी त्यानेच ती खोली मोजली होती: अकरा फूट बाय नऊ, दगड-मातीच्या भिंती, वाकून जावं लागे असं बुटकं दार, वर पत्रा. टेपचं दुसरं टोक छबुबाईच्या नवऱ्याने, सुग्रीवने धरलं होतं. त्या साली रोग पडून सुग्रीवच्या चौदा शेळ्या मेल्या होत्या. उघड्या आडोशाला पट्टी बसत नसे, म्हणून बिभीषणने आडोसा सांगितला. सुग्रीवने तसं मागितलं नव्हतं, आणि त्याला ते कधी कळलंही नाही. गावात अशी बारा घरं होती. ज्याचं वर्ष वाईट, त्याचं माप कमी; करआकारणी बिभीषणला एवढीच समजत होती. वर्ष सुधारल्यावर माप वाढवायचं मात्र त्याच्याकडून एकदाही झालं नाही.

सप्टेंबरात तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी त्या खोलीच्या भिंती बसल्या. आत, नुकत्याच व्यालेल्या शेळीजवळ, सुग्रीव झोपला होता. पंचनामा करणाऱ्यांनी दगड-मातीचा ढीग बघितला, नोंदवही बघितली आणि लिहिलं, ‘घराबाहेर उघड्यावर झोपला असता मयत’. पेपरातही तेच छापून आलं.

तेव्हापासून बिभीषणला एक गोष्ट छळत होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. टेपचं टोक खिळ्याला अडकवून तो मागे सरकला, की पलीकडून हलकी ओढ लागे. वारा पडलेला असला तरी लागे. उन्हाने टेप थोडी लांबते हे त्याला माहीत होतं. पण ही ओढ बोटांची होती. आधी ताण, मग आकडा वाचता यावा म्हणून क्षणभर स्थिर.

ग्रामसभेनंतर तिसऱ्या दिवशी मॅडम आणि तो नव्या मोजणीसाठी छबुबाईकडे गेले. पुढच्या दोन खोल्या झाल्यावर तिघं मागे आली. दगड एका कडेला रचून ठेवले होते. उघड्या अंगणात अकरा बाय नऊचा तुकडा ओल्या शेणाने सारवलेला होता. त्याच्या चारही कडा दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या.

हे कशाला सारवता, असं मॅडमनी विचारलं.

"खोली हाय ती," छबुबाई म्हणाली. "उमापूरला लेक दिलीय आमची. तिच्या सासरचे पेपर दाखवतेत तिला. म्हणतेत, तुझ्या आईनं म्हाताऱ्याला पावसात भाईर निजवलं." ती थांबली. "मी त्याला पांघरूण देऊन आलते, मॅडम. दार लावून आलते."

बिभीषणने टेप खाली ठेवली.

"इथं खोली व्हती, मॅडम. मी मोजली आन् लिवू दिली न्हाई."

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. असा जबाब दिला तर जुनी नोंद दुरुस्त होईल, पंचनामाही परत पाठवता येईल, पण मामा, तुमची चौकशी लागेल, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्याच्या ग्रॅच्युइटीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. आणि लोक विचारतील, अशी अजून किती?

"अकरा. ती नव्या मापात येतीलच. माझा जबाब लिवून घ्या."

छबुबाईने सगळं ऐकलं होतं.

"तुमी, भाऊ?"

"हां, वहिनी."

"कावून?"

"शेळ्या मेलत्या तुमच्या, त्या साली."

"आमी मागितलं व्हतं का?"

"न्हाई."

ती पाठ फिरवून रचलेल्या दगडांकडे वळली. तिला आपलं तोंडही बघायचं नसेल, असं बिभीषणला वाटलं. मग तिने वाकून टेपचं टोक उचललं आणि कोपऱ्यावर धरलं. अकरा. वळून दुसरी कड. नऊ. मॅडमनी आकडे लिहिले आणि दार कुठल्या बाजूला होतं ते विचारलं.

छबुबाई सारवणाच्या पूर्वेकडच्या कडेशी गेली. तिथे पोचल्यावर तिने डोक्यावरचा पदर हाताने दाबला, मान खाली घातली आणि मग बाहेर पाऊल टाकलं. तिच्यामागून बिभीषण निघाला. वर स्वच्छ ऊन होतं. त्याच जागी तोही वाकला.