रंगाऱ्याच्या हातची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे आणि आता थकले आहे. माझी कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली आहे. पोटावर प्रायमरचा, म्हणजे रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचा, डाग आहे, तो काही केल्या निघत नाही. नाक्यावरच्या कुत्र्यानेही मला एकदा हुंगून सोडून दिलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, दाबलं, गार केलं, झालं. मग एका दुकानात मला खिळ्याला टांगलं. मी ज्या खेळासाठी जन्मले त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. मैदानात दूरवर एका खांबावर साखळ्या लावलेली टोपली असते. कमीत कमी फेकींत मला त्या टोपलीत पोचवायचं, एवढंच काम. त्यावरून माणसं किती भांडतात ते मला विचारा.

मला एका रंगाऱ्याने विकत घेतलं. आडवा गडी, दोन माणसांची शिडी एकटा खांद्यावर टाकणारा. त्याचा साडू लिफ्ट दुरुस्त करायचा. तो इतका काटकुळा की दार न उघडता फटीतून लिफ्टमध्ये शिरतो, असं रंगारी सगळ्यांना सांगायचा. सुट्टीच्या दिवशी दोघे मैदानावर यायचे. मधे एक तळं होतं. साडूची तबकडी तळं ओलांडून पलीकडच्या गवतावर टेकायची. मी मात्र कधी अलीकडच्या चिखलात, कधी थेट पाण्यात. रंगारी विजार वर करून मला शोधायचा आणि साडू काठावरून ओरडायचा.

"साडूभाऊ, तबकडी फेकताय की भिंतीला रोलर मारताय?"

"तुझ्या मांडीएवढा माझा दंड आहे. मला नको शिकवूस."

साडूचं खरं होतं. रंगाऱ्याने जन्मभर हात लांब करून भिंती रंगवल्या होत्या. मलाही तो तसाच, हात ताणून, मोठा गोल घेऊन फिरवायचा. कंबर आपली खुंटीसारखी गप्प. वर आणखी एक खोड. ब्रशचा फटकारा संपताना रंगारी मनगट हलकेच वर उचलतो, म्हणजे भिंतीवर कड उमटत नाही. मला सोडतानाही त्याचं मनगट तसंच उठायचं. माझं नाक, म्हणजे पुढची कड, आभाळाकडे जायचं, मी वर चढायचे, वरच दम संपायचा, आणि डावीकडे धोंड्यासारखी कोसळायचे.

त्याला वाटायचं, जोर कमी पडला. मग आणखी जोर. मग झाडावर आपट. मग शिव्या मला. "तबकडीच भिकार आहे." मित्रांनो, हे वाक्य मी फार ऐकलं आहे. माणसाला स्वतःची चूक बघायची नसते तेव्हा त्याला हातातली वस्तू दिसते.

एकदा त्याने असा काही हिसडा दिला की मी त्याच्याच पायापाशी पडले आणि तो खांदा धरून खाली बसला. डॉक्टरीण काय म्हणाली ते मी घरी त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकलं.

"स्नायू फाटलाय. परत असा झटका बसला तर हात डोक्यावर जाणार नाही म्हणाल्या त्या. मग काय करणार? लोकांच्या अर्ध्या भिंती रंगवून देणार?"

तिने मला उचललं आणि प्रायमरच्या उघड्या डब्यावर पालथं घातलं. त्या डब्याचं झाकण वाकलं होतं. मी झाकण झाले.

तिथून मी त्याला रोज बघत होते. ज्या हाताने त्याने अख्ख्या इमारती रंगवल्या, त्या हाताची बोटं तो आता व्यायाम म्हणून भिंतीवरून मुंगीसारखी वर सरकवायचा. दिव्याच्या बटणापाशी थांबायचा, कण्हायचा, पुन्हा खालून सुरुवात. कामं दुसऱ्यांकडे गेली. फोन वाजेनासा झाला. पुष्कळ दिवसांनी बोटं दाराच्या चौकटीवर पोचली, तेव्हा कुठे छोटी कामं परत मिळू लागली.

मग एका सकाळी त्याने मला डब्यावरून काढलं. बायको दारात उभी.

"कुठे निघालात?"

"साडूकडे."

"जा. खांदा तेवढा घरी ठेवून जा."

मैदानावर तो मला नुसतं पुसत राहिला. शेवटी साडूला म्हणाला, "दाखव मला."

"काय दाखवू? तळं?"

"कसं फेकायचं ते. आणि दात काढू नकोस."

साडूने दात काढलेच, पण शिकवलंही. "पाठ तळ्याकडे करा. हात नाही, अंग मागे वळवा. आता पुढचा पाय रोवा. कंबर आधी फिरू द्या, हात मागून येतोच. तबकडी छातीजवळून सरळ ओढा. कोपर पुढे, मनगट अगदी शेवटी. आणि साडूभाऊ, शेवटी ब्रश उचलू नका."

पहिल्या दोन फेकी पाण्यात गेल्या. तिसऱ्या वेळी खांद्याला भिऊन त्याने जोर लावायचं सोडूनच दिलं. पाय रोवला, कंबर फिरली, मी त्याच्या शर्टाच्या बटणांजवळून सरकले आणि बोटांतून आपोआप निसटले. नवी असते तर हट्टाने डावीकडे वळले असते. पण मार खाऊन खाऊन माझी कड मऊ झाली होती. मी सरळ गेले. खाली पाणी, पाणी, आणि मग गवत.

साडूनेही आपली तबकडी फेकली आणि दोघे तळ्याला वळसा घालून आले. माझ्या अलीकडे साडूची तबकडी पडली होती. साडूने मान डोलावली. "आता जरा जोर लावा. थेट टोपलीपर्यंत जाईल."

रंगाऱ्याने मला उचललं. त्याची बोटं माझ्या कडेवर आवळली. ती पकड मी ओळखते. मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. मग बोटं सैल पडली.

"नको. उद्या एक छत रंगवायचं आहे मला."

त्याने मला पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, मी वस्तू आहे, तरी मागते. मला उन्हात गाडीत टाकू नका, मी वाकडी होते. चिखल लागला तर पुसा. आणि फेक जमत नसेल तर जोर वाढवण्याआधी कुणाला तरी विचारा, तो साडू का असेना. माझ्यासारख्या तबकड्या दुकानात खिळ्याला टांगलेल्या मिळतात. खांदे मी तिथे कधी टांगलेले पाहिले नाहीत.