रिकाम्या मशीनचा आवाज

सोमवारपासून गोड बंद, तळलेलं बंद, पाकिटातलं सगळं बंद! असा निश्चय आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेला आहे. सोमवार बिचारा आपलं काम चोख करतो. गडबड होते ती मंगळवारी.

आमच्या या गोष्टीतले मास्तर तर दर आठवड्याला निश्चय करायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. पुरुषांचे कपडे शिवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. खाली दुकान, वर घर. दुकानात एक लांब टेबल, दोन मशीन, इस्त्री, आणि कोपऱ्यात कात्रणांचं मोठं पोतं. एका मशीनवर मास्तर, दुसऱ्यावर कारागीर. काज, बटण, हातशिलाई हे काम मास्तरांची बायको वरच्या खोलीत जिन्याच्या तोंडाशी बसून करायची. तिथून तिला दुकान दिसत नसे, पण ऐकू सगळं येई.

दुपारचे चार वाजले की मास्तरांचं लक्ष उडायचं. हात कापडावर असायचा आणि मन रस्त्यापलीकडच्या दुकानात, जिथे वेफर्सची पाकिटं माळेसारखी टांगलेली असत आणि काचेमागे क्रीमचे केक मांडलेले असत.

"जाऊन येतो जरा. दोरा संपलाय," मास्तर म्हणायचे.

"दोरा त्या दुकानात कधीपासून मिळायला लागला?" कारागीर मान वर न करता विचारायचा.

"तू तुझी कॉलर बघ."

मास्तर परत यायचे ते शर्ट पोटाशी फुगवून. मग कात्रणांच्या पोत्यात हात घालून पाकीट तिथे दडवायचे. पण पाकीट म्हणजे चुगलखोर वस्तू! हात लावला की कुरकुर करणार. त्यावर मास्तरांनी एक युक्ती काढली होती. एका हाताने पाकीट फोडायचं आणि पायाने मशीन चालवायचं. घर्रर्र आवाजात वेफर्सचा आवाज बुडून जाई. वर बायकोला वाटावं, नवरा कामात आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं, आपण जगाला दिसत नाही. तशातली गत!

खाताना फार बरं वाटायचं, हेही खरं आहे. सकाळपासूनची दगदग, गिऱ्हाइकांची घाई, पाठीतली कळ, सगळं त्या खारट कुरकुरीत घासात विरून जायचं. पाकीट संपलं की मात्र मास्तर बोटं पुसत बसायचे. स्वतःचाच राग यायचा. त्या रागावर उतारा म्हणून मग क्रीमचं एखादं बिस्किट.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण मास्तरांच्या डोळ्यांवर बेतलं होतं. काही महिन्यांपूर्वी सुईचं नेढं धूसर दिसतं म्हणून ते चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं, रक्तही तपासायला लावलं आणि म्हणाले, "हे चष्म्याचं काम नाही. तुमच्या रक्तात साखर फार आहे. डोळ्याच्या आतल्या बारीक शिरा त्यानं खराब व्हायला लागल्यात. गोळ्या घ्या, खाणं आवरा, वजन उतरवा. नाहीतर नजर जाईल, आणि गेलेली नजर परत मिळेलच असं नाही."

शिंप्याची नजर! गायकाला गळा, तशी शिंप्याला नजर. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पथ्य सुरू झालं. सकाळी नुसता चहा, बिनसाखरेचा. दुपारी जेवायला बसले की चार घास खाऊन हात धुवायचे. "पथ्य आहे माझं," असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे. डॉक्टरांनी रक्त तपासून परत या म्हणून सांगितलं होतं, तिकडे मात्र फिरकले नाहीत. वजनाच्या काट्यावरही चढले नाहीत.

बायकोनं आठवण करून दिली, तर म्हणाले, "अगं, माणूस दारातून आत आला की मी त्याच्या कमरेचं माप सांगतो. मला काटा कशाला? ही पँट बघ. दवाखान्यात जायच्या आधी शिवलेली. अजून तशीच बसते की नाही? मग! गाडी रुळावर आहे."

पँट खरंच बसत होती. चारच्या पाकिटानंतरही बसत होती. पँट बसते म्हणून मास्तर निर्धास्त होते, आणि निर्धास्त होते म्हणून पाकिटं वाढत होती.

एका दुपारी जवळच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई मुलाचा कोट शिवायला टाकायला आल्या. मुलाला पहिली नोकरी लागली होती. मास्तर टेबलावर वाकून कापडावर खडूनं रेघ मारत होते, तेवढ्यात टक्कन आवाज झाला आणि एक बटण उडून बाईंच्या पायाशी जाऊन पडलं.

"मास्तर, हे बटण तुमचंच दिसतंय," बाई हसू दाबत म्हणाल्या.

"शिंप्याचा सदरा फाटका म्हणतात, ते काय उगाच?" मास्तरही हसले. पण बाई गेल्यावर त्यांनी दुसरी पँट चढवली आणि ही घेऊन दिव्याखाली बसले. म्हटलं, बायकोला कशाला सांगा, आपणच लावून टाकू.

कमरपट्टी उलटी केली आणि त्यांचा हात थांबला.

पँट शिवताना मागच्या शिलाईत आत थोडं जादा कापड सोडतात, पुढेमागे सैल करायची झाली तर असावं म्हणून. ते जादा कापड संपलेलं होतं. जुनी शिलाई उसवल्याच्या सुईच्या भोकांची एक ओळ होती. तिच्या बाहेर दुसरी ओळ. तिच्याही बाहेर तिसरी. आणि कापड पुरेना म्हणून मधोमध त्याच रंगाचा एक तुकडा जोडलेला होता, इतक्या सफाईनं की बाहेरून कुणाला कळू नये. ती शिलाई कुणाची, हे मास्तरांना विचारावं लागलं नाही. जन्मभर त्यांनी ती पाहिली होती.

त्यांनी अंगातली पँट काढून पाहिली. तिचीही तीच कथा!

मास्तर दोन्ही पँटी घेऊन लुंगीवरच जिना चढून वर गेले.

"हे काय आहे?"

बायकोनं पँटींकडे पाहिलं, मग हातातल्या काजाकडे. "सैल केल्या. घट्ट होत होत्या."

"मला न सांगता? अगं, मी त्या पँटीवर विसंबून होतो! मला वाटत होतं, वजन आहे तिथंच आहे!"

"आणि मला काय वाटत होतं?" ती एकदम उसळली. "खाली मशीन चालतं, पण सुई कापडात जात नाही, हे मला कळत नाही होय? कापडावरच्या मशीनचा आवाज जाड असतो, रिकाम्याचा पातळ. रोज चार वाजता तुम्ही रिकामं मशीन चालवता. मी रोज ऐकते."

मास्तरांचा चेहरा पडला. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? डॉक्टरकडून आलात, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलात. मला बघवलं नाही हो. पँट कमरेत रुतली की तुम्ही दिवसभर कुणाशी बोलत नाही. म्हटलं, निदान तेवढं तरी दुःख नको. आज सांगू, उद्या सांगू करता करता…" तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

नेमकी त्याच वेळी मास्तरांची थोरली बहीण उशांचे अभ्रे न्यायला आली. ही बाई जन्मभर रुग्णालयात नर्स होती. आता निवृत्त झाली होती, पण रोग्याला दटावायची सवय गेली नव्हती. दोघांचे चेहरे, जमिनीवर पडलेल्या दोन पँटी आणि लुंगीतला भाऊ पाहून ती दारातच थांबली.

"काय रे बारक्या, वाटण्या चालल्यात की काय?"

लहानपणी मास्तर काडीसारखे होते, म्हणून बारक्या. नाव तसंच राहिलं, बारक्या तेवढा राहिला नाही.

दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून बसली.

"आधी तुझं बोलू. दुपारी किती जेवतोस?"

"चार घास. पथ्य आहे ना!"

"याला पथ्य म्हणतात? ही उपासमार झाली! आणि तीसुद्धा साखर उतरवायच्या गोळ्या घेऊन! सकाळी पोटात काही नाही, दुपारी चिमणीचा घास. मग चार वाजता अंगात राक्षस शिरणार नाही तर काय होणार? पोटभर जेव. भाजी जास्त घे, डाळ घे, अंडं घे. पोट भरलेल्या माणसाला मोह कमी होतो."

"ताई, पण मला कळतं गं सगळं. वळत नाही." मास्तर खाली बघत म्हणाले. "मी इतका कसा हावरट झालो? लहान मुलासारखा पोत्यात खाऊ लपवतो. लाज वाटते मला."

"लाज वाटून घेऊ नकोस. लाजेनं कुणाचं वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही. लाज वाटली की माणूस लपून खातो, आणि लपून खाल्लेलं मोजलं जात नाही. आणि एक लक्षात ठेव. त्या पाकिटात मीठ, तेल, साखर अशी जमवलेली असते की एक उचललं की दुसरं उचलावंसं वाटलंच पाहिजे. त्यासाठी शिकलेली माणसं कामाला बसवलेली असतात. तू एकटा त्यांच्याशी लढतोयस. हरलास तर त्यात आश्चर्य काय?"

"मग करू काय?"

"चार वाजले की स्वतःला विचार, आत्ता काकडी चालेल का? चालेल म्हणालास, तर ती भूक. खा खुशाल. 'काकडी नको, वेफर्सच पाहिजेत' म्हणालास, तर ती तल्लफ. तल्लफ म्हणजे आगंतुक पाहुणा. खुर्ची दिली नाहीस तर थोडा वेळ दारात घुटमळतो आणि निघून जातो. तेवढा वेळ चाल, बोल, इस्त्री कर. आणि कधी हरलास तर सगळ्यांसमोर बसून खा, मशीन न चालवता!"

मग ती भावजयीकडे वळली. तिचा हात हातात घेतला.

"पोरी, तू केलंस ते जिवापाड प्रेमानं केलंस. पण तू त्याचं दुःख झाकायला गेलीस आणि झाकला गेला तो आजार. ताप आलेल्या माणसासमोर थर्मामीटर फोडून ताप जातो का? उद्या याची नजर गेली असती, तर ही सुबक शिलाई त्याला दिसली तरी असती का?"

मास्तरांची बायको डोळे पुसत होती. आणि मग मास्तरच म्हणाले, "तिला एकटीला बोलू नकोस, ताई. मी चोरून खाल्लं, म्हणून तिला चोरून उसवावं लागलं. बस झालं आता! उद्या सकाळी आपण तिघं रक्त तपासायला जाऊ."

तपासणीत साखर पहिल्यापेक्षाही वाढलेली निघाली. डॉक्टर रागावले, गोळ्या बदलल्या. पण या वेळी मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले नाहीत. घरी येऊन पोटभर जेवले. बायको त्यांच्यासारखंच जेवली. वेगळं ताट नाही, वेगळं पथ्य नाही. चार वाजता मास्तर गाजर खाताना दिसले की कारागीर पहिले काही दिवस म्हणायचा, "मास्तर, एवढी गाजरं खाऊन कान लांब होतील हं!" पुढे तोच डब्यात गाजरं आणू लागला. तोंडाला चाळा म्हणून बरं वाटतं म्हणे.

सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. एकदा मास्तरांनी भर दुपारी, सगळ्यांसमोर, केकचा मोठा तुकडा खाल्ला. बायकोनं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "संध्याकाळी चालायला लांबवर जाऊ." त्या संध्याकाळी दोघं दमेपर्यंत चालले.

कोट शिवून मुलाच्या अंगावर चढला, तेव्हा शाळेतल्या बाई समोरच्या दुकानातून क्रीमचे केक घेऊन आल्या. "घ्या मास्तर! मुलाला कोट असा बसलाय म्हणून सांगू! नाही म्हणायचं नाही!"

"बाई, नको."

"असं कसं? माझ्या आनंदात नको म्हणता? एक तरी! एकानं काय होतं?"

पूर्वीचे मास्तर असते तर संकोचानं एक उचलला असता आणि मागोमाग दुसरा. या वेळी ते कात्री खाली ठेवून सरळ उभे राहिले.

"बाई, मला मधुमेह आहे. डोळ्यांवर आलाय. तुमच्या मुलाच्या लग्नाचा कोटही मलाच शिवायचाय. म्हणून नको."

बाईंनी खोका हळूच मिटला. खजील झाल्या बिचाऱ्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तर, मलाही आहे. शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. कुणी आग्रह केला की खाते, आणि घरी येऊन रडते."

"मग बसा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी वर हाक मारली, "अगं, खाली येतेस का? बाईंशी जरा बोल."

त्या दिवशी मास्तरांची बायको आणि शाळेतल्या बाई खूप वेळ बोलत होत्या.

पुढच्या तपासणीत साखर उतरली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा उजेड टाकून पाहिलं. म्हणाले, "झालेलं नुकसान तेवढंच आहे, पुढे सरकलेलं नाही. असंच चालू ठेवा."

मास्तर दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायकोला म्हणाले, "अगं, समोरच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसतायत मला." तिनं नुसता त्यांचा दंड धरला.

मित्रहो, जिभेशी झगडणारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. कदाचित तो आपणच असू. त्याला हसू नका, त्याला 'एकानं काय होतं' म्हणू नका, आणि प्रेमापोटी त्याची चूक झाकूही नका. पथ्य हे एकट्याला दिलेली शिक्षा झाली की ते मोडतं. सगळं घर एका पंगतीला बसलं की ते टिकतं. ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला खरं सांगावं, आणि सांगून झाल्यावर त्याच्या बरोबरीनं चालावं. याहून मोठं औषध मला तरी ठाऊक नाही.