न वाजलेला भोंगा

सबीहाचं डोकं त्या दिवशी सकाळी दहालाच तापलं होतं. जळगावहून पहाटेची एसटी धरून ती धुळ्याच्या या कारखान्यात आली, तर मालक योगराजशेठ पेनाचं टोपण काढून तयारच बसलेले. रसायनाची नवी टाकी सोमवारी काठोकाठ भरायची होती. त्याआधी सुरक्षा अहवालावर सबीहाची सही हवी होती. भरलेली टाकी तापून फुटली, तर पाळीवरची तीस माणसं घरी जाणार नव्हती.

"मॅडम, तुमच्याच कागदावर लिहिलंय, दहा हजार वर्षांत एकदा धोका. तोवर आपण राहतो का?"

"वर्षांत नाही हो, शेठ!" सबीहाने कपाळावर हात मारला. हे ती पाचव्यांदा सांगत होती. "टाकीवर दोन तापमापक आहेत. टाकी शंभर वेळा तापली, तर त्यातला प्रत्येक एकदा दगा देईल. दोन्ही एकाच वेळी दगा देतील, ते दहा हजारांत एकदा. तेही दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल तरच. आणि ती एकदाची वेळ सोमवारीही येऊ शकते."

"म्हणजे करायची ना सही?"

गाढवापुढे वाचली गीता! पण सही अडवायला तिच्याकडे कारणही नव्हतं. टाकी चाळीस अंशांवर गेली की भोंगा वाजून पाण्याचे फवारे सुरू व्हायचे. पाव टाकी भरून चाळीस दिवस चाचणी झाली होती आणि भोंगा एकदाही उगाच वाजला नव्हता. रोज जळगावला येणारे आकडे पाहून तिनेच दोन्ही तापमापकांना उत्तम शेरा दिला होता. तरी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ती उठली. शेठ कुरकुरत मागे आले.

टाकीपाशी पोचताच ती थबकली. टाकीच्या पत्र्यावर बसवलेल्या दोन्ही तापमापकांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं, सुतळीने नीट बांधून. शेजारी बादली घेऊन पुना आबा उभे होते. टाकीची राखण त्यांच्याकडे होती.

"आबा, हे काय?"

"कितलं ऊन शे, ताई! यंत्रबी तपस. मी दर घंटाले पानी मारस. बठ्ठा दिवस थंडगार ऱ्हास."

सबीहाला रडावं की ओरडावं कळेना. रांजणाला गोणपाट गुंडाळावं तसं या माणसाने मायेने गुंडाळलं होतं, आणि तेही दोन्हींना! एका बादलीने दोन पहारेकरी एकदमच झोपवले होते. दहा हजारांचा सगळा हिशेब पाण्यात.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्हीनच. पहिल्या दिनले बोल्या व्हत्या ना, आबा, हाऊ भोंगा उगाच वाजाले नको, ध्यान ठेवा. मी ध्यान ठेवं."

तिला ते आठवलं. तिने घाईत, गाडीत बसता बसता ते सांगितलं होतं. तिने सुतळी तोडून दोन्ही गोणपाटं काढली. टाकीशेजारच्या फलकावरचा तापमानाचा आकडा चौतीसवरून हलला. छत्तीस. एकोणचाळीस. बेचाळीस.

भोंगा किंचाळला, फवारे सुटले. कामगार फाटकाकडे पळाले, शेठ त्यांच्याही पुढे. पुना आबा मात्र बादली उचलून टाकीकडेच धावले. सबीहाने त्यांचा हात धरला आणि अक्षरशः ओढत त्यांना फाटकापर्यंत आणलं.

आकडा उतरून भोंगा थांबला, तेव्हा शेठ धापा टाकत म्हणाले, "वाजला ना? फवारेही सुटले! करा सही."

"आतापर्यंतचे आकडे ओल्या गोणपाटाचे होते, टाकीचे नाही. चाळीस दिवस पुन्हा मोजायचे. सोमवारी टाकी भरायची नाही."

शेठ भडकून पुना आबांवर धावून गेले. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. ते सबीहाकडे वळले. "ताई, मन्हामुळे व्हयनं का हाई बठ्ठं?"

"नाही आबा," ती म्हणाली. "मी चाळीस दिवस आकडे मागवले. तुम्हाला एकदाही काही विचारलं नाही."