शिवपुत्र बसायचा ती जागा

ब्लेड तिसऱ्यांदा घसरलं आणि बिरदेवच्या अंगठ्यातून रक्त आलं. अंगठा तोंडात धरून तो समोरच्या वस्तूकडं बघत राहिला. वर्तमानपत्रावर वीतभर लांबीचा, हिरवट प्लास्टिकचा रणगाडा उभा होता. त्याच्या पुढच्या भागात, डाव्या बाजूला, चालकाच्या डोक्यावरचं झाकण असतं. कारखान्यानं ते टपाबरोबर एकसंध ओतलं होतं. नुसती गोल रेघ. उघडायची सोय नव्हती. ती बिरदेवला करायची होती.

"हळद आणू का?" कडूबाईनं दारातून विचारलं.

"नगं. थांबंल आपुआप."

"डाक्टर म्हणतोय हात थरथरतेत, आन तुमी ब्लेड घिऊन बसताव. सहा म्हैनं झालं. ह्या वयात खेळणं."

बिरदेवनं अंगठा धोतराला पुसला. धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हा कंप वाढतच जाणार, गोळ्यांनी थोडा दम धरेल एवढंच. त्या दिवशी येरमाळ्याला परत आल्यावर त्यानं पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली आणि तळाचं, जोडायच्या रणगाड्याचे सुटे भाग असलेलं पुठ्ठ्याचं खोकं बाहेर काढलं. तीस वर्षं ते खोकं उघडलं नव्हतं. आता उशीर केला तर हात कामाचे राहणार नव्हते.

खोकं त्याचं नव्हतंच. ते शिवपुत्रचं होतं. लष्करात दोघं एकाच रणगाड्यावर होते. अणदूरचा शिवपुत्र चालक, येरमाळ्याचा बिरदेव तोफेवर. एका जिल्ह्याचे म्हणून एका ताटात जेवायचे. झाशीच्या बाजारातून शिवपुत्रनं हे खोकं आणलं तेव्हा बाकीचे हसले होते. बायकोबद्दल तो म्हणाला होता, "इरम्मा इचारती, तुमी आत बसताव कुठं. सांगून कळंना तिला. हे जोडून नेतो, बोट ठिवून दावतो." त्यानं चार चाकं तेवढी चिकटवली होती. पुढच्याच महिन्यात तो गेला.

त्याची ट्रंक अणदूरला पोचवायला बिरदेवलाच पाठवलं. वाटेत त्यानं ट्रंकेतून हे खोकं काढून आपल्या सामानात घातलं. रणगाड्यानं माणूस नेलेल्या घरात रणगाडाच कसा द्यायचा, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. ते कारण खरं नव्हतं, हे त्यालाच ठाऊक होतं.

जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं कडकडीत झालं होतं. दोन चाकं हरवलेली, चाकांवरच्या पट्ट्याचं रबर विरघळून चिकट झालेलं. बिरदेवनं चाकं बटणांपासून घडवली. तोफेची नळी दोन फाकांची, मधे सांधा दिसणारी होती. ती टाकून त्यानं जुन्या रेडिओच्या एरियलचा तुकडा बसवला. चिखलरोधकांना टूथपेस्टच्या ट्यूबचा पत्रा, गाडी ओढायच्या दोराला पीळ दिलेला शिवणाचा दोरा. खोक्यावरच्या चित्रात नसलेल्या कितीतरी गोष्टी त्याच्या हातांना पाठ होत्या. आत तर कारखान्यानं काहीच दिलं नव्हतं, पोकळ होतं सगळं. तिथं त्यानं चालकाची बैठक केली, गाडी वळवायचे दोन दांडे केले, बुरुजात, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात, आपली बैठक केली. आणि आपल्या बैठकीच्या डाव्या हाताशी तांब्याच्या तारेचं एक छोटं चाक.

झाकण चौथ्या प्रयत्नात सुटलं. तारेची बिजागरी लावून त्यानं ते नखानं उचललं. उघडलं. मग बुरूज थोडा डावीकडं फिरवला, तोफ खाली आणली आणि पुन्हा नख लावलं. झाकण नळीला अडलं.

कडूबाई हे बघत होती. "न्हाय उघडत व्हय? चुकलं काय कुठं?"

"चुकलं न्हाय. असंच हुतं ते."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच. ती खाली बसून ऐकत राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "इरम्माला सांगू नका. दर भाऊबीजंला तुमाला ववाळती ती. नवरा गेला तिचा. आता भाऊ बी कशाला घालवताव?"

"म्या भाऊ हाय का, ते तिनं ठरवावं."

"मग तिच्यासाठी सांगताव का स्वतःसाठी?"

बिरदेवनं रंगाची डबी उघडली. रंग वाळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रणगाडा जुन्या धोतरात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि येरमाळ्याहून गाडी धरली. तुळजापुरात गाडी बदलून अणदूरला पोचेपर्यंत त्यानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

इरम्मा घरी एकटीच होती. शिवपुत्र गेला तेव्हा पोटात असलेली दैवशाला लग्नानंतरही इथंच राहून शाळेत शिकवत होती, ती कामावर गेलेली. "दादा, फोन तरी करायचा," म्हणत इरम्मानं पाणी दिलं. "हात लईच हलायलेत की तुमचे."

"इरम्मा, बस हितं. एक दावायचंय."

त्यानं धोतर सोडलं. ती बघत राहिली. नंतर पदराला हात पुसून तिनं रणगाडा दोन्ही हातांनी उचलला.

"हे त्यानंच घेतलं हुतं," बिरदेव म्हणाला. "तुला दावायला. त्याच्या ट्रंकेतून म्या काढून ठिवलं."

"मला दावायला?"

"व्हय. ह्ये झाकण. ह्याच्या खाली बसायचा त्यो."

इरम्मानं वाकून आत पाहिलं. छोट्या बैठकीवर बोटाचं टोक ठेवलं. "एवढ्याशा जागंत," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका मऊ झाला, की उठून निघून जावं असं बिरदेवला वाटलं. पण तो बसून राहिला.

"कागदावर लिवलंय, टँक कालव्यात पडला आन त्यो जागीच गेला. तसं झालं न्हाय." त्यानं बुरूज फिरवला. हात थरथरत असल्यानं नळी टपावर टकटक वाजली. "कालव्याच्या कडंनं जाताना तोफ सरळ, उंच ठिवायचा हुकूम हुता. पुढचे टँक वळणावर दिसतेत का म्हणून म्या बुरूज वळवला, तोफ खाली आणली. तेवढ्यात कड ढासळली. पुढचं तोंड खाली करून आमी पाण्यात गेलो. मागचा भाग वर राह्यला. बुरुजातल्या साहेबाचं डोकं फुटलं हुतं, त्याला गोळा भरणाऱ्या गड्यानं वर काढला. मागनं म्या निघालो. हे झाकण उघड आता."

तिनं नख लावलं. झाकण हललं आणि अडलं.

"तोफ आडवी आली," ती म्हणाली.

"व्हय. बुरूज वळला की आतनं मागं यायची वाट बी मिटती, आन बुरूज फिरवायची ईज बंद पडली हुती. पर हे चाक हुतं, माझ्या हाताशी. हातानं फिरवायचं. धा-बारा फेरं मारलं असतं तर तोफ सरली असती. म्या चाक धरलं बी हुतं. पाणी गुडघ्याला लागलं आन सोडलं. काठावर जाऊन उभा राह्यलो. त्यो आतनं लोखंडावर हाणत हुता, सगळ्यांनी ऐकलं. तुला तरास नगं म्हणून कागदावर जागीच गेला असं लिवलं. चौकशीत म्या सांगितलं, तोफ सरळ हुती. वढून काढताना फिरली आसंल, असं म्हणून कागद मिटला."

भिंतीवर शिवपुत्रचा फोटो होता. दोघांपैकी कुणीही तिकडं बघितलं नाही.

इरम्मानं बोटानं बुरूज उजवीकडं सारला. झाकण उघडलं. बंद केलं, परत उघडलं. मग रणगाडा जमिनीवर ठेवला, फार जपून, चाकं वाजू न देता.

"तीस वर्सं तुमाला ववाळलं म्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दैवशालाच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाट धरला तुमी."

"व्हय."

"आता जावा तुमी."

बिरदेव भिंतीला धरून उठला. रणगाडा उचलायला वाकला, तसं तिनं मान हलवली. "ते राहू द्या. माझं हाय ते."

रिकामी पिशवी घेऊन तो हायवेवर आला. उन्हात थांब्याच्या पत्र्याखाली एकटाच होता. कडूबाईचा प्रश्न मनात आला. छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. तसलं काही झालं नव्हतं. ते ओझं आता आणखी एका माणसावर चढलं होतं, एवढंच.

बऱ्याच वेळानं बाजूला कुणी येऊन उभं राहिलं. डोक्यावर पदर घेतलेली इरम्मा होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. हैदराबादकडं जाणारे दोन ट्रक समोरून गेले.

"किती येळ हाणत हुते?" तिनं विचारलं.

कमी सांगावं असं त्याच्या मनात आलं. ओठापर्यंत आलेलं त्यानं गिळलं.

"आठ मिंटं. जरा जास्तच."

इरम्मा रस्त्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती की देवाचं नाव घेत होती, कळत नव्हतं. लांबून तुळजापूरची एसटी येताना दिसली. बिरदेवनं हात वर केला, पण तो नुसताच थरथरत राहिला. गाडी वेग कमी करेना. तेव्हा इरम्मा दोन पावलं पुढं झाली आणि तिनं आपला हात आडवा धरून गाडी थांबवली.

बिरदेवला पायरी चढायला वेळ लागला. तो आत जाऊन दांडीला धरेपर्यंत ती दाराशी उभी होती. मग कंडक्टरनं दार ओढलं.