पक्कं पॅकिंग

काचवाल्याने उजवा पाय उचलला, मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हटलं आणि टाच दाणकन आपटली. पेला फुटला नाही.

अंगठी घालून झाली होती, लग्नाचा करारनामा वाचून झाला होता, धर्मगुरूंनी, म्हणजे रब्बींनी, सातही आशीर्वाद म्हटले होते. ज्यू लग्नात शेवटी नवरदेवाने कापडात गुंडाळलेला पेला पायाखाली फोडायचा असतो. कधीकाळी आपलं मंदिर पाडलं गेलं, ते आनंदाच्या भरातही विसरायचं नाही, म्हणून. तो आवाज झाला की सगळ्यांनी ओरडायचं आणि नाच सुरू करायचा. त्यामुळे नव्वद माणसं आ वासून थांबली होती.

नवरदेव बासष्टचा. चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवण्यात गेलेली. नवरी लायब्ररीतली बाई, पंचावन्नची. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच एकाच हिवाळ्यात तीनदा फुटली, तेव्हा कुठे या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

नवरा-नवरीच्या डोक्यावर कापडी छत धरलेलं होतं, त्याला चार काठ्या होत्या. त्यातली पुढची एक काठी धरून त्याची मुलगी उभी होती. तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. लग्नाचं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तुमची मर्जी, बाबा." आज ती आली, काठी धरली, पण सकाळपासून ओठ असे घट्ट मिटलेले, की बाप तिच्याकडे बघायलाही घाबरत होता. लेकीला दुखवून मिळालेलं सुख त्याच्या घशाखाली उतरलंच नसतं.

त्याने दुसऱ्यांदा टाच आपटली.

"अहो, जरा जोर लावा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"लावतोय की!"

तिसऱ्या वेळी पाय मुरगळता मुरगळता वाचला. नवरीचा म्हातारा मामा पुटपुटला, "लक्षण काही बरं दिसत नाही." ते सगळ्यांना ऐकू गेलं. काचवाल्याला दरदरून घाम फुटला आणि त्याने नको तिकडे, म्हणजे मुलीकडेच बघितलं.

मुलीने हातातली काठी सरळ रब्बींच्या हातात कोंबली, खाली बसली आणि ते गाठोडं उचललं. वर रुमाल. रुमालाखाली वर्तमानपत्र. त्याखाली कापूस, मग पुठ्ठा, पुठ्ठ्याला सुतळीचे दोन आडवे, दोन उभे वेढे. आत पेला, ओरखडासुद्धा नाही.

"बाबा, हे कोणी बांधलं?"

"मीच. सकाळी." तो ओशाळला. "हात आपोआप चालले गं. काच दिसली की..."

"फोडायचा पेला तुम्ही पॅक केलात? पार्सलने पाठवायचा होता का?"

आणि ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात सोडून. "आई असती ना," तिला बोलवेना, "आई असती तर इथेच फतकल मारून बसली असती हसत! जित्याची खोड, म्हणाली असती!"

चार वर्षांत आईचं नाव दोघांनीही एकमेकांसमोर काढलं नव्हतं. काचवाल्याला हसू आवरेना, आणि रडूही. नवरी पदराने डोळे पुसत होती. रब्बी इतके हसले, की काठी हलून सगळं छत डोलायला लागलं. मामा तेवढा गंभीर होता, पण मामाला विचारतो कोण.

मुलीने पेला नुसत्या रुमालात गुंडाळला, बापाच्या पायाशी ठेवला. "हं. आता होऊ द्या."

कडकन आवाज झाला.

"मझल तोव!" अभिनंदन करत नव्वद गळे एकदम ओरडले, वाजंत्री सुरू झाली, खुर्च्या सरकल्या. नवरदेव नाचायला निघाला तर मुलीने त्याची बाही धरली आणि त्याला खुर्चीत बसवलं. तिने जमिनीवर बसकण मारली, त्याचा बूट मांडीवर घेतला, चष्मा चढवला आणि रुमाल फाडून बुटाच्या तळाला रुतलेले बारीक तुकडे नखाने टिपू लागली.

"अगं राहू दे. सगळे बघतायत. नवरीसुद्धा."

"बघू देत. घरात त्या अनवाणी फिरत असतील," मुलगी मान वर न करता म्हणाली. "त्यांच्या पायात जायला नको."