नियमित संपर्कातला सभासद

नोव्हेंबर १९८८ मध्ये मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. चांगलं द्यायचं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

पत्र प्रभाकर मुळ्येचं. विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली होती. त्याने लिहिलं होतं, 'इथल्या कारखान्याच्या शाळेत इतिहास शिकवायला आलो आहे. इंद्रपुरीत राहतो. या गावात ओळखीचा तूच. केव्हा आलेलं चालेल ते कळव. न कळवता येऊन तुझं वाचन मोडणार नाही.'

मी तेव्हाही टी. टी. नगरात राहत होतो, आजही राहतो. इंद्रपुरी अर्ध्या तासावर. 'रविवारी ये' एवढंच लिहायचं होतं. पण इतक्या वर्षांनी मित्राला दोन शब्दांचं पत्र पाठवणं मला बरं वाटेना. पहिला मसुदा कोरडा झाला, दुसरा रडका. तिसरा होईपर्यंत वर्ष उलटलं होतं, म्हणून त्यात उशिराबद्दल माफी मागणारा परिच्छेद घातला. पुढे दरवर्षी तो परिच्छेदच वाढत गेला. प्रभाकर न कळवता येणाऱ्यांतला नव्हता. तो आला नाही.

मागच्या वर्षी आमच्या माजी विद्यार्थी संघाने मला शोधून काढलं आणि व्हॉट्सअॅपवरच्या 'आजन्म स्नेही' या ग्रुपमध्ये घातलं. सभासद एकशे बारा. रोज सकाळी साठ-सत्तर फुलं येतात. ती पुसण्यात माझा चहा गार होतो. प्रत्येकाच्या नावापुढे निवृत्तीच्या वेळचं पद असतं. माझ्यापुढे 'ग्रंथालय सहायक' होतं. संघाचा सचिव हेमंत बोकील याने ते परस्पर 'ग्रंथपाल' केलं. "वाचायला बरं दिसतं," म्हणाला. मला रात्रभर चुकल्यासारखं वाटलं, पण दुरुस्त करा म्हणायचं धाडस झालं नाही.

हेमंत मोठ्या पदावरून निवृत्त झाला. मुलगाही अधिकारी निघाल्यामुळे त्याचा चार इमलीतल्या सरकारी बंगल्यातला मुक्काम काही सुटला नाही. कुणाच्या नातवाला नोकरी लागली, तर हेमंतचा पुष्पगुच्छ येईपर्यंत ग्रुपमध्ये कुणी अभिनंदन करत नाही. एकदा इंदूरच्या एका सभासदाने लिहिलं, की बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. त्रेचाळीस जणांनी जोडलेले हात पाठवले. त्यात माझेही होते.

यंदाच्या संमेलनाआधी संघाने नवा अर्ज काढला. गेल्या वेळी जेवून गेलेले दोघेजण आपल्या विद्यापीठाचे नव्हतेच, असं मागाहून कळलं होतं. म्हणून आता नव्या अर्जदाराने रकाना नऊमध्ये 'नियमित संपर्कात असलेल्या एका सभासदाचं नाव' लिहायचं आणि त्या सभासदाने सही करून तसं प्रमाणित करायचं. पेन्शनर मंडळींना हयातीच्या दाखल्याची सवय असते. कुणी तक्रार केली नाही.

गेल्या सोमवारी हेमंतने असाच एक अर्ज माझ्या सहीसाठी पाठवला. अर्जदार : प्रभाकर मुळ्ये. पत्ता : इंद्रपुरी. मोबाइल : नाही. संमेलनाला किती जण येणार : एकटाच. रकाना नऊमध्ये माझं नाव होतं. त्यापुढे 'सभासद क्रमांक' या जागी त्याने आपल्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'माहीत नाही. पत्र टाकलं आहे, उत्तर आलं की कळवतो.'

मी तो कागद तीनदा वाचला. नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसलो.

संध्याकाळी हेमंतचा फोन आला. "काय रे, मुळ्येचा कागद अडवून बसलास? शुक्रवारी यादी बंद होते. सही नसेल तर त्याचं नाव गळेल."

"हेमंत, मी त्याच्या नियमित संपर्कात नाही."

"मग कोण कुणाच्या आहे? कर सही. एवढी वर्षं सरकारी नोकरी केलीस ना?"

"ग्रंथालयात होतो मी."

"तरीच. अरे, तो स्वतः लिहितोय ना तुझं नाव?"

"त्याचं बरोबर आहे. त्याने लिहिलं होतं. मीच..."

"ते तुमचं आपसातलं. फाइलवर सही पाहिजे," म्हणून त्याने फोन ठेवला.

सही केली तर खोटं प्रमाणपत्र होणार, न केली तर प्रभाकर दुसऱ्यांदा दाराबाहेरच राहणार, आणि दोन्ही वेळा माझ्याच हातून. सून ऋचा भाजी निवडत ऐकत होती. तिला मी सगळं सांगितलं.

"बाबा, सिंपल आहे," ती म्हणाली. "आधी संपर्क करा, मग सही करा. ऑटो मागवू?"

"त्याने पत्र पाठवलंय. उत्तर पत्रानेच द्यायला हवं."

"छत्तीस वर्षं झाली ना? मग आता मसुदा नका बनवू. मी इथेच बसते."

ती खरंच बसली, मेथीची जुडी घेऊन. मी माफीचा परिच्छेद सुरू केला. तिने नुसतं वर पाहिलं. मी तो खोडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं :

'प्रिय प्रभाकर, तुझं पत्र मिळालं. रविवारी ये. वाचन मोडलं तर बरंच होईल. सभासद क्रमांक ८७.'

मंगळवारी सकाळी पोस्टात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी पत्ता वाचला. "इंद्रपुरी? बाबूजी, बस पकड़िए, आधे घंटे में ख़ुद दे आइए."

"जवाब है," मी म्हणालो. "डाक से ही जाएगा."

"जल्दी का है?"

मी पैसे पुढे सरकवले. त्यांनी तिकीट दिलं. मी ते चिकटवलं, पत्ता पुन्हा एकदा तपासला आणि पाकीट बाहेरच्या लाल पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आल्यावर खिशातला अर्ज काढला आणि पेटीवरच ठेवून रकाना नऊसमोर सही केली.